चार्ज किती, आणि कशाचा?

मी विठ्ठलवाडीहून बोलतेय. महाराष्ट्रात विठ्ठलवाड्या पुष्कळ आहेत. ही कल्याणहून कर्जतकडे निघालं की लागणारं पहिलं स्टेशन, ती. एका अंगाला कल्याण पूर्व, दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. गटांच्या कामासाठी मी अंबरनाथ आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांमध्ये येते-जाते, त्यामुळे तुमच्यापैकी काहीजणी मला तोंडओळखीने ओळखत असाल. आज नुसता आवाज ऐकायचा आहे.

आज मला एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द इंग्रजी आहे, पण तो न वापरता आपल्या घरातला एक दिवस जात नाही. शब्द आहे 'चार्ज'.

बघा हं. सकाळी मुलगी ओरडते, "आई, फोन चार्ज नाहीये." पासबुक भरायला जावं तर एकशे काही रुपये कमी झालेले असतात, साहेब म्हणतात, "चार्ज कापला." ग्रामपंचायतीत जावं तर ग्रामसेवक बदलून गेलेले, "सध्या त्यांचा चार्ज शेजारच्या गावच्या भाऊसाहेबांकडे आहे." नणंद बाळंत झाली, तिला उद्या डिस्चार्ज. भावकीतल्या भांडणात पोलिसांनी चार्जशीट टाकलं. टीव्हीवर मोर्चा दाखवतात, लाठीचार्ज झाला. आणि संध्याकाळी दमून आल्यावर घोटभर चहा पोटात गेला की आपणच म्हणतो, "आत्ता कुठे चार्ज झाले!" माझी आजेसासू मात्र फोनला कधी चार्ज म्हणाली नाही. ती म्हणायची, "त्याला खायला घाला, उपाशी आहे तो." मला ते फार बरोबर वाटायचं.

आता एवढ्या सगळ्या ठिकाणी एकच शब्द कसा? मूळ शोधलं तर एक गाडी सापडते. लॅटिन नावाच्या जुन्या भाषेत माल वाहायच्या गाडीला 'कारुस' म्हणत. गाडीवर माल लादायचा, त्या लादण्याचं क्रियापद झालं. ते फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आलं, त्याचं झालं चार्ज. 'कार', 'कॅरी', 'कार्गो' ही त्याच घरातली भावंडं. म्हणजे चार्ज म्हणजे मुळात लादलेलं ओझं. मग बंदुकीत दारू ठासली तो चार्ज, बॅटरीत वीज भरली तो चार्ज, माणसाच्या माथी आरोप मारला तो चार्ज, अधिकाऱ्यावर जबाबदारी टाकली तो चार्ज, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पैसे टाकले तोही चार्ज. शत्रूच्या अंगावर धावून जाणं हाही चार्जच, त्यातून आपला लाठीचार्ज.

गंमत म्हणजे आपल्या मराठीनेही नेमकं हेच केलंय. सरकारी मराठीत चार्ज घेणे म्हणजे पदभार घेणे. जादा चार्ज म्हणजे अतिरिक्त कार्यभार. इन्चार्ज म्हणजे प्रभारी. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात विजेचा चार्ज म्हणजे प्रभार. बिलावरचा सरचार्ज म्हणजे अधिभार. सगळीकडे भार आहेच. एवढंच काय, आपण कुणाचे आभार मानतो त्यातही भार आहे. 'भर्तार' हा शब्दसुद्धा भार वाहणे, पोसणे या अर्थाच्याच धातूतून आलेला आहे. घरात प्रत्यक्ष कोण किती वाहतं ते तुम्ही जाणता, मी बोलत नाही.

तर हे ओझं आहे, एवढं लक्षात ठेवून आता पैशाच्या चार्जकडे येऊ. मला आज खरं तर तेच सांगायचंय, कारण आपल्या बायकांचं सर्वांत जास्त नुकसान तिथे होतं.

गटाच्या बैठकीत एखादी सांगते, "ताई, मी फायनान्सवाल्यांकडून चाळीस हजार घेतले." मी विचारते, "हातात किती आले?" ती थांबते. मग बोटं मोजत म्हणते, "अडतीस हजार आणि वर काहीतरी." बाकीचे कुठे गेले? "ते चार्जेस असतात ना." बस, एवढंच उत्तर. व्याजाचा दर तिला पाठ असतो. मुकादमाला मजुरी विचारताना पाच रुपयांसाठी भांडणारी बाई दीड हजार रुपयांना 'चार्जेस' या एका शब्दावर सोडून देते.

आपण हिशोब करून बघू. समजा कर्ज ४०,००० रुपये. प्रोसेसिंग चार्ज दीड टक्का, म्हणजे ६०० रुपये. त्या ६०० वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०८. विम्याचा हप्ता समजा ९००. झाले १,६०८. हातात आले ३८,३९२. पण व्याज चालू होतं ते ४०,००० वर. म्हणजे तुम्हाला तोंडी सांगितलेला दर आणि तुम्हाला खरोखर पडलेला दर हे दोन वेगळे आकडे आहेत. खरा दर नेहमी जास्त असतो.

तो खरा दर लपवता येऊ नये म्हणून रिझर्व्ह बँकेने नियम केलेले आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना आणि छोट्या उद्योगांना दिल्या जाणाऱ्या मुदत कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद देणं बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना बंधनकारक आहे. आपण त्याला कर्जाची कुंडली म्हणू. त्यात व्याज, सगळे चार्ज, विमा, हे धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात ते लिहिलेलं असतं. त्या आकड्याला 'एपीआर' म्हणतात. तो कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यायचा आहे, आणि त्या कागदावर जो चार्ज लिहिलेला नाही तो मागाहून तुमच्या संमतीशिवाय लावता येत नाही. सही करायच्या आधी तो कागद मागा. "साहेब, एपीआर किती?" एवढं विचारा. समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो, मी पाहिलंय.

ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे, त्या घराला तारण न घेता दिलेल्या कर्जाला रिझर्व्ह बँक सूक्ष्म वित्त कर्ज म्हणते. आपल्यापैकी बऱ्याच जणींची कर्जं याच प्रकारची. त्याचे नियम २०२२ पासून लागू आहेत. कर्ज मुदतीआधी फेडलं तर त्याचा कसलाही दंड घेता येत नाही. हप्ता चुकला तर दंड फक्त चुकलेल्या रकमेवर लावायचा, सगळ्या कर्जावर नाही. याचा अर्थ समजून घ्या. तुमचा २,००० चा हप्ता राहिला आणि कर्ज अजून ३०,००० बाकी आहे. दंड दोन टक्के असेल तर तो २,००० वर म्हणजे ४० रुपये. ३०,००० वर लावला तर ६०० होतील. चाळीस आणि सहाशे. आणि विमा किंवा दुसरी एखादी वस्तू कर्जाबरोबर गळ्यात मारायची असेल तर तुमची पूर्ण संमती आणि किंमत आधी सांगणं, दोन्ही लागतं. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करून सतावणं हेही नियमात बसत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत, हीसुद्धा त्याच नियमांतली मर्यादा आहे. ती बाहेरच्याने बघायची म्हणून न थांबता आपणही बघायला हवी.

दुसरी एक बाब. पूर्वी हप्ता थकला की 'दंडव्याज' लागायचं. ते मुद्दलात मिळायचं आणि त्याच्यावर पुन्हा व्याज. रिझर्व्ह बँकेने २०२३ साली सांगितलं की दंड हा 'चार्ज' म्हणून वेगळा दाखवा, व्याज म्हणून नको, आणि त्या दंडावर व्याज चढवू नका. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं. म्हणजे इथे चार्ज या शब्दाने आपलं भलं केलं आहे. व्याजाला पिल्लं होतात, या चार्जला होत नाहीत. तुमच्या हिशोबाच्या कागदावर दंडाला पिल्लं झालेली दिसली तर शाखेत लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. लोकपालाकडे तक्रार करायला चार्ज नाही.

आता कर्जाच्याच पोटातला चार्जचा दुसरा अर्थ. हा जास्त वजनाचा आहे. वकिलाच्या किंवा बँकेच्या तोंडी येतं, "प्रॉपर्टीवर आमचा चार्ज आहे." इथे चार्ज म्हणजे कापलेले पैसे नव्हेत. आपल्या गावच्या भाषेत त्याला बोजा म्हणतात. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असं लिहिलेला रकाना असतो, तिथे अमुक बँकेचा एवढ्या रुपयांचा बोजा, अशी नोंद येते. बघा, फ्रेंच लोकांनी गाडीवर लादलं, तलाठ्याने जमिनीवर लादलं. शब्द किती चोख आहे.

घोटाळा होतो तो कर्ज फिटल्यावर. कर्ज फिटतं, आपण पेढे वाटतो, आणि बोजा सातबाऱ्यावर तसाच राहतो. दहा वर्षांनी मुलीच्या लग्नासाठी किंवा मुलाच्या शिक्षणासाठी नवं कर्ज काढायला जावं तर जुना बोजा दात विचकून उभा. तोपर्यंत घरातला कर्ता माणूस गेलेला असतो, पावत्या सापडत नाहीत. म्हणून शेवटचा हप्ता भरला त्याच दिवशी बँकेकडे कर्ज फिटल्याचा दाखला आणि बोजा कमी करण्याबद्दलचं पत्र मागायचं. ते तलाठ्याकडे द्यायचं, फेरफार मंजूर झाला की नवा सातबारा काढून डोळ्यांनी बघायचं. ई-हक्क नावाच्या सरकारी प्रणालीवरही बोजा कमी करण्याचा अर्ज करता येतो.

घर तारण असेल तर मूळ कागदपत्रं बँकेकडे असतात. १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा आहे की कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने कागदपत्रं परत द्यायची आणि जिथे जिथे चार्जची नोंद केली असेल तिथून ती काढायची. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई बँकेने कर्जदाराला द्यायची. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद कसे मिळतील याची पद्धतही बँकेने ठरवून जाहीर करायची आहे. ज्या मैत्रिणींच्या कपाळावरचं कुंकू गेलंय, त्यांनी हे विशेष ऐकावं. हे सगळे नियम रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतल्या बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना आहेत. पतसंस्था आणि गावची विकास सोसायटी सहकार खात्याखाली येतात, त्यांची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे.

बोजा नेहमी आपल्या विरुद्धच असतो असं मात्र नाही. विधवा सुनेच्या किंवा आईच्या पोटगीचा बोजासुद्धा मिळकतीवर चढू शकतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात तशी सोय आहे. तो आपोआप चढत नाही. मृत्युपत्रात लिहिलेला असला, आपसात करार झाला किंवा कोर्टाने हुकूम केला, तर चढतो. असा बोजा असला की जमीन विकणाऱ्यालाही विचार करावा लागतो, घेणाऱ्यालाही. वकिलाच्या फीची काळजी करू नका. बाईला तिचं उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळायचा हक्क आहे. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

एका चार्जला मात्र थेट नाही म्हणायचं. फोन येतो, "ताई, तुमचं पाच लाखांचं कर्ज मंजूर झालंय, फक्त फाइल चार्ज दोन हजार भरा." किंवा बक्षीस लागलंय, जीएसटी चार्ज भरा. पार्सल अडकलंय, सोडवायचा चार्ज भरा. खरी बँक चार्ज घेते तो कर्जाच्या रकमेतून कापते किंवा पावती देऊन शाखेत घेते. अनोळखी माणसाच्या फोनवर पैसे पाठवायला सांगत नाही. पैसे गेलेच तर लगेच, त्याच तासात, १९३० ला फोन लावायचा. लाडक्या बहिणीचा अर्ज भरायलासुद्धा सरकारने पैसे ठेवलेले नव्हते. तरी किती जणींनी शंभर-दोनशे 'चार्ज' दिला, हात वर करा म्हटलं तर रेडिओवर मला दिसणार नाहीत म्हणून बरंय.

दुसऱ्याचा चार्ज आपण असा मुकाट देतो. आता आपला चार्ज बघू. आमच्या भागात उल्हासनगरचा जीन्सचा धंदा मोठा. त्या पँटींचे लोंबणारे धागे कापायचं काम घरोघरी येतं. कुणी ब्लाउज शिवतं, कुणी फॉल-पिको करतं, कुणी डबे देतं. नळ दुरुस्त करायला येणारा म्हणतो, "माझा व्हिजिट चार्ज दोनशे." डॉक्टरांची फी असते. आपली मात्र मजुरी असते, आणि तीही विचारली की आपण म्हणतो, "द्या काय द्यायचं ते." का बरं? दिवे गेल्यावर मेणबत्ती लावून शिवलेला ब्लाउज हा काही उपकार नव्हे. दोरा, बटणं, हुक, मशीनची वीज, तुमचे तास, हे सगळं मांडून भाव ठरवा आणि भिंतीवर लिहून लावा. एका गटाने फॉल-पिकोचे दर पुठ्ठ्यावर लिहून दाराला टांगले. घासाघीस पहिल्या आठवड्यात झाली, मग कमी झाली. लिहिलेल्या आकड्याशी माणूस कमी भांडतो.

विजेच्या बिलातले चार्ज मी पटकन सांगते. मराठी बिलात त्यांना 'आकार' म्हटलंय. हाच शब्द जमिनीच्या आकारणीत आहे, तुम्हाला परका नाही. स्थिर आकार म्हणजे दिवा लावा न लावा, जोडणी आहे म्हणून द्यायचे पैसे. वीज आकार तुम्ही जाळलेल्या युनिटचा. वहन आकार वीज तुमच्यापर्यंत आणून पोचवल्याचा. इंधन समायोजन आकार कमी-जास्त होतो, कधी शून्यही असतो. आणि फोनच्या चार्जिंगवरून सासवा-सुनांचं जुंपतं म्हणून सांगते, साध्या फोनची बॅटरी एका युनिटमध्ये अंदाजे ४० वेळा पूर्ण भरते. बिल फोनमुळे वाढत नाही. फ्रीज, पंप, गिझर बघा. रिचार्जचा हिशोब मात्र जरूर करा. २८ दिवसांचा प्लॅन घेतला तर वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. ३० दिवसांचा एक तरी आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा एक तरी प्लॅन ठेवायला ट्रायने २०२२ पासून कंपन्यांना सांगितलेलं आहे. दुकानदार आपणहून दाखवणार नाही. रेल्वेत विनातिकीट सापडलात तर टीसीच्या पावतीवर 'एक्सेस चार्ज' लिहिलेलं असतं, तो भाड्याच्या वर कमीत कमी २५० रुपये. पावती नसेल तर तो चार्ज नव्हे, दुसरं काहीतरी आहे.

आता डिस्चार्ज. चार्ज म्हणजे लादणं, तर डिस्चार्ज म्हणजे उतरवणं, सोडणं. दवाखान्यात या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि त्यांची गफलत होते. आमच्या ओळखीच्या एक काकू पोटात दुखतं म्हणून दाखल होत्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काकू, डिस्चार्ज होतो का?" काकू म्हणाल्या, "संध्याकाळी देणार म्हणालेत." सगळे हसले. पण डॉक्टरीणबाई अंगावरून पांढरं जाण्याबद्दल विचारत होत्या, आणि उत्तर न मिळताच पुढच्या खाटेकडे गेल्या. ते हसण्यावारी गेलं, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून सरळ बोलते. अंगावरून थोडं पांढरं किंवा पाण्यासारखं जाणं, त्याला वास नसणं, पाळीच्या मधल्या दिवसांत ते वाढणं, हे निरोगी बाईचं लक्षण आहे. पण पिवळं-हिरवं जात असेल, मासळीसारखा वास असेल, दह्यासारखं घट्ट जाऊन खाज सुटत असेल, ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, तर दवाखाना गाठायचा. उपचार साधे असतात, पुष्कळदा नवऱ्यालाही बरोबरीने औषध घ्यावं लागतं. आणि पाळी कायमची गेल्यानंतर एक डाग जरी दिसला, किंवा संबंधानंतर रक्त गेलं, तर तपासणी लगेच. 'या वयात कसली लाज' असं नका म्हणू, लाज वाटतेच. तरी जा. "अंगावरून जातं" एवढं मराठीत सांगा, पुढचं त्यांना कळतं. सरकारच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केस पेपरलाही चार्ज नाही.

दुसरा डिस्चार्ज म्हणजे घरी सोडणं. तेव्हा मिळतं ते डिस्चार्ज कार्ड फेकू नका. काय झालं होतं, कोणती औषधं, पुन्हा कधी यायचं, बाळाचं वजन किती होतं, सगळं त्यावर असतं. सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईला आणि बाळाला घरी पोचवायची गाडीही मोफत असते. ती जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे, २०११ पासून. आणि एक सांभाळा. डॉक्टर नको म्हणत असताना घाईने घरी न्यायचं ठरवलं तर 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं लिहून सही घेतात. तो साधा डिस्चार्ज नव्हे. तिथे ओझं दवाखान्याच्या खांद्यावरून उतरून तुमच्या खांद्यावर येतं. सही कुणी करायची, हे घरात बसून नीट ठरवा.

पोलीस आणि कोर्टाचं थोडक्यात. तक्रार नोंदवली की एफआयआर. तपास संपला की पोलीस कोर्टात देतात ते चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र. मग कोर्ट ठरवतं की कोणते आरोप ठेवायचे, त्याला 'चार्ज फ्रेम करणे' म्हणतात. हे सगळं होऊनही माणूस दोषी ठरलेला नसतो. खटला त्यानंतर चालतो. गावात मात्र चार्जशीट आलं की निकाल लागल्यासारखं बोलतात, दोन्ही बाजूंनी. आरोप ठेवण्याजोगा पुरावाच नसेल तर कोर्ट आरोपीला सोडतं, त्यालाही डिस्चार्जच म्हणतात, हे ऐकून दचकू नका. आणि तक्रारदार बाईसाठी महत्त्वाचं म्हणजे १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा आलाय, त्यात तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला किंवा पीडितेला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. फोनवर कळवलं तरी चालतं. तुम्ही हेलपाटे घालत बसू नका, तारीख लिहून ठेवा आणि नव्वदाव्या दिवशी विचारा.

शेवटचा चार्ज खुर्चीचा. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. बाई सरपंच होते, चार्ज घेते, फोटो निघतो. दुसऱ्या दिवसापासून शिक्का कुणाच्या खिशात असतो? मी नावं घेत नाही. पण पदभार शब्दात पद आधी आहे आणि भार नंतर. पद एकाकडे आणि भार दुसऱ्याकडे, असं झालं की उद्या चौकशी लागेल तेव्हा नोटीस पदाच्या नावाने येते. सही तुमची, उत्तर तुम्हालाच द्यायचं. न वाचलेल्या कागदावरची सही हा सर्वांत महाग चार्ज आहे.

गटातही हेच चालतं. अध्यक्ष बदलतात, सचिव बदलतात, आणि चार्ज देणं-घेणं तोंडी होतं. "सगळं त्या पिशवीत आहे बघ." त्या पिशवीत काय आहे ते सहा महिन्यांनी भांडणात कळतं. तेव्हा यापुढे गटाचा चार्ज देताना बैठक बोलवा. बँकेचं पासबुक त्याच दिवशी भरून आणा. चेकबुकातले किती चेक शिल्लक आहेत ते मोजा आणि पहिला-शेवटचा क्रमांक लिहा. रोख किती, कोणत्या बाईकडे किती कर्ज बाकी, सभासदांची बचत किती, हे इतिवृत्तात उतरवा. शिक्के, वह्या, कपाटाची किल्ली, बँकेच्या अॅपचा फोन कुणाकडे आहे आणि त्याचा ओटीपी कुणाला येतो, हेही लिहा. जुन्या तिघींच्या सह्या, नव्या तिघींच्या सह्या, खाली तारीख. बँकेत सह्या बदलायचा ठराव त्याच बैठकीत करा, नाहीतर पैसे काढायला जुन्या बाईंच्या मागे मागे फिरावं लागतं, आणि त्या तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या असतात.